स्वीडनच्या उत्पादक वनांतील तोडमुक्त क्षेत्रे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वीडनमधील बहुतेक जंगल पीक म्हणून वाढवले जाते आणि पीक म्हणूनच कापले जाते. अशा जंगलाचा काही भाग तोडीतून कायमचा किंवा दीर्घ मुदतीसाठी वगळायचा म्हणजे नेमके काय करायचे, तो भाग कोण निवडतो, त्याचा भार कोणावर पडतो आणि एवढे करून काय साधते, हे प्रश्न उत्तर युरोपातील वनांविषयी कुतूहल असणारे मराठी वाचक आणि त्या देशात शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी गेलेले मराठीभाषक वारंवार विचारतात. त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

व्यवस्थापित वन म्हणजे नेमके कसले वन?

स्वीडनच्या भूभागापैकी सुमारे दोन तृतीयांश भाग, म्हणजे साधारण २.८ कोटी हेक्टर, वनाखाली आहे. त्यातील सुमारे २.३५ कोटी हेक्टर वन ‘उत्पादक’ मानले जाते. जेथे हेक्टरी दरवर्षी सरासरी एक घनमीटरपेक्षा अधिक लाकूड वाढू शकते, ते वन उत्पादक, अशी ही कसोटी आहे. उरलेला भाग म्हणजे दलदली, खडकाळ माथे आणि डोंगरउतारांवरील खुरटी झाडी.

उत्पादक वनात मुख्यतः स्प्रूस आणि पाइन ही दोन शंकुधारी झाडे असतात. लागवड, कोवळ्या झाडोऱ्याची सफाई, एक ते तीन वेळा विरळणी आणि शेवटी संपूर्ण कुपाची, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या वनतुकड्याची, एकदम तोड, असे हे चक्र चालते. दक्षिणेत ते साठ-सत्तर वर्षांत पूर्ण होते, तर उत्तरेतील थंडीत त्याला शंभर वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. तोडलेल्या जागी तिसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत नवी लागवड करणे मालकावर बंधनकारक आहे. तोडीनंतर नवे वन उभे करण्याची ही सक्ती १९०३ च्या वनकायद्यापासून चालत आली आहे. १९२३ पासून देशात नियमित राष्ट्रीय वनगणना होते. त्या गणनेनुसार उभ्या लाकडाचा साठा तेव्हापासून आजपर्यंत साधारण दुप्पट झाला आहे.

साठा दुप्पट झाला असेल, तर काही भाग वगळण्याची गरजच काय?

लाकडाचे घनमीटर वाढणे आणि जिवंत जंगल वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापासून एकगठ्ठा तोडीची पद्धत देशभर रूढ झाली आणि वेगवेगळ्या वयांच्या झाडांनी भरलेल्या वनाच्या जागी एकाच वयाची, बहुधा एकाच जातीची रोपवने उभी राहिली. अशा रोपवनात झाडांची संख्या भरपूर असते, परंतु तेथे म्हातारी झाडे, उभी वठलेली झाडे आणि जमिनीवर कुजत पडलेली जाड खोडे जवळजवळ नसतात. उत्तरेकडील जंगलातील जीवसृष्टीचा फार मोठा भाग मात्र नेमका यांच्यावरच जगतो.

वाऱ्याने पडलेल्या एका स्प्रूसच्या खोडाचे उदाहरण पाहू. पहिल्या एक-दोन उन्हाळ्यांत सालीखाली भुंगेरे शिरतात. मग साल सुटू लागते आणि लाकडात बुरशीचे तंतू पसरतात. काही वर्षांनी खोडाच्या बाजूने टणक, फळीसारख्या अळंब्या उगवतात. त्यांपैकी गुलाबी छटेची एक अळंबी जुन्या, दमट स्प्रूसवनाची खूण मानली जाते. अळंबीने मऊ केलेल्या लाकडात पुन्हा वेगळ्या जातीचे कीटक राहायला येतात. पुढे खोडावर शेवाळाचा जाड थर चढतो आणि अखेरीस त्याच्याच पाठीवर स्प्रूसची नवी रोपे रांगेने रुजतात. उत्तरेतील थंड हवेत हा सारा प्रवास कित्येक दशके चालतो. त्याच्या प्रत्येक टप्प्यावर निराळे रहिवासी असतात आणि त्यातील अनेकांना फार दूर जाता येत नाही. त्यामुळे आसपास दुसरे योग्य अवस्थेतील खोड मिळाले नाही, तर ती जात त्या परिसरातून नाहीशी होते, मग भोवतालचे रोपवन कितीही हिरवेगार असो.

पांढऱ्या पाठीच्या सुतार पक्ष्याची अवस्था याच कारणाने बिकट झाली आहे. त्याला जुने, वठलेले बर्च आणि अ‍ॅस्पेन लागतात, कारण त्यांच्या लाकडातील भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर तो जगतो. परंतु रुंद पानांची ही झाडे वनधंद्याने कित्येक दशके तण मानली. विरळणीत ती काढून टाकली जात आणि एके काळी त्यांच्यावर विमानातून तणनाशकही फवारले जाई. आज हा पक्षी स्वीडनमध्ये अतिसंकटग्रस्त आहे आणि बंदिवासात वाढवलेली पिल्ले रानात सोडून त्याला टिकवण्याचा प्रयत्न सुरू आहे.

तोडीतून वगळण्याचे कोणकोणते प्रकार आहेत?

सर्वांत जुना प्रकार राष्ट्रीय उद्यानाचा. १९०९ मध्ये स्वीडनने एकदम नऊ राष्ट्रीय उद्याने घोषित केली आणि ती युरोपातील पहिली ठरली. मात्र राष्ट्रीय उद्यानाची जमीन सरकारी असावी लागते, त्यामुळे खासगी उत्पादक वनाच्या बाबतीत या प्रकाराचा उपयोग मर्यादित आहे. तेथे मुख्य साधन आहे निसर्ग राखीव क्षेत्र. ते जिल्हा प्रशासन किंवा नगरपालिका घोषित करते आणि त्याची नियमावली प्रत्येक क्षेत्रासाठी स्वतंत्रपणे लिहिली जाते.

काही हेक्टरांच्या लहान तुकड्यांसाठी राष्ट्रीय वन संस्था अधिवास संरक्षण क्षेत्र जाहीर करते. याशिवाय मालक आणि सरकार यांच्यात जास्तीत जास्त पन्नास वर्षांचा निसर्गसंवर्धन करार होऊ शकतो. तो दिवाणी स्वरूपाचा असतो आणि मुदत संपली की संपतो.

हे सारे प्रकार औपचारिक संरक्षणात मोडतात. त्यांच्या जोडीला मालकाने स्वेच्छेने, कोणत्याही सरकारी आदेशाविना वगळलेले क्षेत्र असते. शिवाय प्रत्येक तोडीच्या वेळी कुपातच राखून ठेवायच्या लहान जागा असतात : ओढ्याकाठची पट्टी, दलदलीच्या कडेची झाडे, एखादा जुना अ‍ॅस्पेनचा पुंजका. या शेवटच्या प्रकाराकडे बाहेरच्या माणसाचे सहसा लक्ष जात नाही, पण देशभरात दरवर्षी होणाऱ्या तोडी लक्षात घेता तो क्षुल्लक म्हणता येणार नाही.

एकूण किती वन वगळलेले आहे?

या प्रश्नाला एकच आकडा उत्तर म्हणून मिळाला, तर सावध राहावे. औपचारिक संरक्षणाखाली एकूण वनापैकी सुमारे ९ टक्के क्षेत्र आहे, परंतु केवळ उत्पादक वनाचा विचार केला तर हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास येते. स्वेच्छेने वगळलेले क्षेत्र चौदा लाख हेक्टरांच्या जवळपास आहे. त्याखेरीज अनुत्पादक वनजमिनीवर व्यापारी तोडीला कायद्याने मुळातच परवानगी नाही. हे सारे आणि कुपातील राखलेल्या जागा एकत्र मोजल्या, तर देशातील वनाचा साधारण पाव भाग तोडीबाहेर आहे, असे म्हणता येते.

वनउद्योग हा मोठा आकडा सांगतो, पर्यावरण संघटना लहान आकडा सांगतात आणि दोघेही खरेच बोलत असतात. मुद्दा असा की खडकावरील खुरट्या पाइनचे संरक्षण करून सुपीक मातीवरील स्प्रूसवनातील जीव वाचत नाहीत. त्यातच औपचारिक संरक्षणाचा मोठा भाग वायव्येकडील डोंगराळ पट्ट्यात एकवटला आहे. दक्षिणेत, जेथे जंगल अधिक वेगाने वाढते आणि जातींची विविधताही अधिक असते, तेथे हे प्रमाण फारच थोडे आहे. जमीन स्वस्त आणि लाकूड कमी, तेथे संरक्षण सोपे जाते, हा नियम स्वीडनलाही लागू पडला आहे. म्हणून टक्केवारी किती, यापेक्षा ती कोणत्या मातीवरची आणि कोणत्या प्रकारच्या वनाची, हे आधी विचारावे, असे आमचे मत आहे.

कोणता तुकडा वगळायचा, हे प्रत्यक्ष रानात कसे ठरते?

१९९३ मध्ये वन संस्थेने ‘कळीचे अधिवास’ नोंदवण्याची देशव्यापी पाहणी सुरू केली. संकटग्रस्त जाती जेथे आढळतात किंवा आढळण्याची दाट शक्यता असते, असे वनतुकडे शोधणे हा तिचा हेतू होता. पाहणी करणारा माणूस प्रत्येक दुर्मीळ भुंगेरा शोधत बसत नाही. तो सूचक जाती पाहतो, म्हणजे अशा जाती की ज्या सहज ओळखता येतात आणि ज्यांच्या असण्यावरून जागेचा इतिहास कळतो. जुन्या अ‍ॅस्पेनच्या खोडावर पानकोबीसारखे सुरकुतलेले, पावसात गर्द हिरवे होणारे फुप्फुस-लायकेन दिसले, की तेथे रुंदपर्णी झाडे दीर्घकाळ अखंड टिकून आहेत, असा निष्कर्ष काढता येतो. गोडा मसाल्यातील दगडफूल ज्या जीवगटातले, त्याच गटातले हे लायकेन आहे.

त्यानंतरचा टप्पा आराखड्याचा. आपल्याकडील वनविभागात कार्य आयोजना असते, तसा स्वीडनमधील जबाबदार मालकाकडे ‘हरित वन आराखडा’ असतो आणि त्यात प्रत्येक वनखंडाला एक वर्ग दिलेला असतो. पहिला वर्ग उत्पादनाचा, ज्यात नेहमीची निसर्गकाळजी घ्यायची असते. दुसरा उत्पादन आणि वाढीव निसर्गकाळजी यांचा संयुक्त वर्ग. तिसरा, म्हणजे ‘एनओ’, निसर्गासाठी राखलेला आणि हात न लावण्याचा. चौथा, म्हणजे ‘एनएस’, निसर्गासाठी राखलेला पण देखभाल लागणारा. वगळलेले क्षेत्र म्हणजे शेवटचे दोन वर्ग.

प्रत्यक्ष तोडीच्या आधी नियोजक कुपात फिरून राखायच्या जागांभोवतीच्या झाडांना रंगीत प्लास्टिकच्या फिती बांधतो आणि त्याच रेषा नकाशावर चढवतो. तोडयंत्राच्या केबिनमधील चालकासमोर तो नकाशा पडद्यावर असतो, आणि हिवाळ्यात दुपारीच अंधार पडल्यावर यंत्राच्या दिव्यांत त्याला झाडावरची फीतही दिसावी लागते. संरक्षणाचे सारे धोरण शेवटी त्या फितीच्या कोणत्या बाजूला यंत्र वळते, यावर येऊन ठेपते. काही झाडे मुद्दाम तीन-चार मीटर उंचीवर कापून उंच खुंटाच्या रूपात सोडली जातात. ते खुंट वठतात आणि पोखरणाऱ्या कीटकांना आणि सुतार पक्ष्यांना आसरा देतात.

मालकाचे नुकसान होते, त्याची भरपाई मिळते का?

औपचारिक संरक्षणात मिळते. स्वीडनमधील उत्पादक वनापैकी जवळपास निम्मे वन सामान्य कुटुंबांच्या मालकीचे आहे. अनेकांकडे ते तीन-चार पिढ्यांपासून आलेले असते आणि शेतकऱ्याला जमीन असते, तसे ते घरचा आधार असते. त्यामुळे हा प्रश्न तेथील राजकारणात नेहमीच तापलेला असतो.

निसर्ग राखीव क्षेत्र घोषित झाल्यास मालक जमीन सरकारला विकू शकतो, किंवा मालकी स्वतःकडे ठेवून बाजारमूल्यात झालेल्या घटीची भरपाई घेऊ शकतो. २०१० पासून या घटीवर आणखी २५ टक्के रक्कम दिली जाते. करार केल्यास त्यासाठी वेगळा मोबदला ठरतो. मात्र तोडीच्या वेळी कुपात राखायच्या जागांसाठी, एका मर्यादेपर्यंत, काहीही मिळत नाही. तो भार मालकाने सोसायचा, अशी कायद्याची भूमिका आहे. स्वेच्छेने वगळलेल्या क्षेत्रालाही भरपाई नसते.

कंपन्यांच्या बाबतीत पैशाऐवजी जमिनीची अदलाबदलही झाली आहे. २०१० मध्ये संसदेने ‘स्वेआस्कोग’ या सरकारी मालकीच्या वन कंपनीची एक लाख हेक्टर उत्पादक जमीन अशा अदलाबदलीसाठी उपलब्ध करून दिली. खासगी कंपन्यांनी निसर्गमूल्य असलेले वन सरकारला द्यायचे आणि बदल्यात तोडीयोग्य साधे वन घ्यायचे, अशी ती योजना होती. सरकारी तिजोरीवर थेट ताण न येता मोठी क्षेत्रे मिळवण्याचा हा मार्ग आम्हाला कल्पक वाटतो.

स्वेच्छेने वगळलेले क्षेत्र मालक उद्या तोडू शकतो का?

कायद्याच्या दृष्टीने, इतर कोणतेही बंधन नसल्यास, हो. १९९३ च्या वनकायद्याने उत्पादन आणि पर्यावरण ही दोन्ही उद्दिष्टे समान दर्जाची ठरवली आणि मालकाला बरेच स्वातंत्र्य दिले. ‘जबाबदारीसह स्वातंत्र्य’ असे या धोरणाचे वर्णन केले जाते. स्वेच्छेने वगळणे ही त्या जबाबदारीची बाजू आहे. ते क्षेत्र आराखड्यात नोंदलेले असावे लागते, पण ते बदलता येते आणि मालकी बदलल्यावर नव्या मालकाला वेगळा निर्णय घेता येतो.

व्यवहारात त्याला बाजाराचा लगाम असतो. एफएससी ही जबाबदारीने चालवलेल्या वनांसाठीची आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र व्यवस्था आहे. तिचे स्वीडनसाठीचे मानक १९९८ मध्ये मान्य झाले आणि त्यात उत्पादक वनाचा किमान ५ टक्के भाग निसर्गासाठी वगळण्याची अट आहे. प्रमाणपत्र गेले, तर लाकूड आणि लगदा विकत घेणारे युरोपातील मोठे ग्राहक गमावण्याची भीती असते. तरीही बाजाराच्या इच्छेवर टिकलेले संरक्षण आणि कायद्याने दिलेले संरक्षण एकाच रकान्यात मांडणे योग्य नाही. ज्या जंगलाला परिपक्व व्हायला दोनशे वर्षे लागतात, त्याची हमी प्रमाणपत्राच्या पुढच्या तपासणीपर्यंतचीच असेल, तर ती अपुरी आहे.

इतके लहान लहान तुकडे वगळून काही उपयोग होतो का?

काही प्रमाणात होतो. पाच हेक्टरांचा जुना तुकडा लायकेन, अळंबी आणि मंद हालचालीच्या गोगलगायींसाठी पुरेसा ठरू शकतो. परंतु चहूबाजूंनी तोड झाली, की कडेने ऊन आणि वारा आत घुसतो, दमटपणा घटतो, आणि वादळात कडेची झाडे आधी कोसळतात. तुकडा जितका लहान, तितका त्याचा सगळा भाग ‘कड’च होऊन जातो. शिवाय ज्या जाती तेथे आज दिसतात, त्या पूर्वीच्या विस्तीर्ण जंगलाची शिल्लक असू शकतात आणि हळूहळू, कोणाच्या लक्षातही न येता, संपत जातात.

यावर दोन उपाय सांगितले जातात. एक म्हणजे तुकडे एकमेकांपासून फार दूर न ठेवता ओढ्याकाठच्या पट्ट्या आणि दलदलींच्या कडा यांनी जोडत जाणे. दुसरा उपाय म्हणजे संपूर्ण भूप्रदेशाचे एकत्र नियोजन. स्वेआस्कोगने यासाठी ‘इकोपार्क’ ही कल्पना राबवली. प्रत्येक इकोपार्क किमान हजारभर हेक्टरांचा असतो आणि त्यातील निदान निम्मे उत्पादक वन निसर्गमूल्यांसाठी राखलेले असते, तर उरलेल्या भागात काळजीपूर्वक तोड सुरू राहते. ओम्बेर्ग हे त्यांपैकी पहिले आणि देशभरात अशी ३७ क्षेत्रे उभी राहिली. भोवतीचे उत्पादक वन कसे हाताळले जाते, यावरच आतल्या वगळलेल्या भागाचे भवितव्य ठरते, ही गोष्ट या कल्पनेने मान्य केली, म्हणून आम्ही तिला महत्त्व देतो.

वगळले म्हणजे तेथे काहीच करायचे नाही, असे आहे का?

‘एनओ’ वर्गाच्या जुन्या स्प्रूसवनात साधारण तसेच आहे. तेथे माणसाने बाजूला राहणे हीच देखभाल. पण सगळ्या जंगलांना हा नियम लावला, तर संरक्षणाच्या नावाखाली भलतेच जंगल उभे राहते.

कोरड्या जमिनीवरील पाइनचे जंगल हे मुळात वणव्याने घडवलेले आहे. ठरावीक काळाने लागणारी आग कोवळे स्प्रूस मारून टाकी, जाड सालीचे पाइन त्यातून वाचत आणि त्यांच्या बुंध्यावर जळालेल्या खाचा राहत. गेल्या दीडशे वर्षांत वणवे विझवण्यात इतके यश आले, की अशा राखीव जंगलांत स्प्रूसची दाट सावली पसरली आणि उन्हावर जगणाऱ्या जाती मागे पडल्या. म्हणून आता तेथे मुद्दाम आग लावली जाते. एफएससी मानकानुसार मोठ्या वनमालकांना कोरड्या आणि मध्यम ओलाव्याच्या जमिनीवरील तोडलेल्या क्षेत्राच्या ५ टक्के इतक्या प्रमाणात जाळणी करावी लागते. जिल्हा प्रशासनांनीही युरोपीय संघाच्या साहाय्याने चाललेल्या ‘लाइफ टायगा’ प्रकल्पात अनेक राखीव क्षेत्रांत नियंत्रित आगी लावल्या.

न मागता लागलेल्या आगीतूनही एक राखीव क्षेत्र जन्माला आले. २०१४ च्या उन्हाळ्यात वेस्टमनलांड प्रांतात लागवडीपूर्वी जमीन खरवडणाऱ्या यंत्रामुळे वणवा पेटला आणि सुमारे १४ हजार हेक्टर वन जळाले. त्या आगीत एका माणसाचा जीव गेला. त्यातील सुमारे साडेसहा हजार हेक्टर जळके वन साफ न करता तसेच ठेवून २०१५ मध्ये ‘हेलेस्कोग्सब्रेन्नान’ हे निसर्ग राखीव क्षेत्र घोषित करण्यात आले. जळक्या जमिनीवर अग्नि-जिरेनियमची जांभळट-निळी फुले उमलली. या वनस्पतीचे बी मातीत कित्येक दशके निजून राहते आणि आगीच्या उष्णतेनेच जागे होते. जळालेल्या खोडांवर भुंगेरे आले आणि त्यांच्या मागोमाग सुतार पक्षी.

रुंदपर्णी वनांतही देखभाल लागते. सुतार पक्ष्यासाठी राखलेल्या बर्चवनातून स्प्रूस काढून टाकणे हे त्याचे नेहमीचे उदाहरण. राखीव क्षेत्रातून लाकडाचे ट्रक बाहेर पडताना पाहून लोक चिडतात, पण ते लाकूड कोणत्या झाडाचे आहे, हे आधी पाहावे.

राखीव क्षेत्रातून कीड पसरून शेजाऱ्याचे नुकसान होत नाही का?

ही तक्रार अगदीच निराधार नाही. २०१८ च्या दुष्काळानंतर दक्षिण स्वीडनमध्ये स्प्रूसच्या सालीखाली राहणाऱ्या भुंगेऱ्याने प्रचंड हानी केली. ताजे मेलेले शंकुधारी लाकूड हेक्टरी ५ घनमीटरांपेक्षा अधिक झाल्यास ते वेळेत बाहेर काढण्याचा नियम सामान्य वनमालकाला पाळावा लागतो, आणि शेजारच्या राखीव क्षेत्रात मात्र तसेच लाकूड पडून असते, हे त्याला पाहावे लागते. जिल्हा प्रशासन काही ठिकाणी कीड लागलेली झाडे काढते किंवा त्यांची साल सोलते, तर काही ठिकाणी निसर्गक्रमाला वाट देते. पण या उद्रेकामागचे मूळ कारण दुष्काळ आणि हजारो हेक्टरांवर सलग लावलेले एकाच वयाचे स्प्रूस हे आहे. २००५ च्या जानेवारीत आलेल्या ‘गुद्रुन’ वादळाने साडेसात कोटी घनमीटर लाकूड आडवे केले, तेव्हाही सर्वाधिक फटका अशाच स्प्रूसवनांना बसला होता.

सामी समाजाचा या प्रश्नाशी काय संबंध आहे?

फार जवळचा. उत्तरेतील सामी या मूलनिवासी समाजाचे रेनडियरपालन देशाच्या जवळपास निम्म्या भूभागावर चालते आणि हिवाळ्यात त्यांचे कळप खासगी व कंपन्यांच्या वनांत चरतात. बर्फ खणून रेनडियर जमिनीवरचे लायकेन खातात. बर्फ गोठून कडक झाला, की जुन्या झाडांच्या फांद्यांवरून लोंबणारे लायकेन हाच त्यांचा आधार असतो. यंत्राने खरवडलेल्या जमिनीवर आणि दाट रोपवनाच्या सावलीत जमिनीवरचे लायकेन टिकत नाही, आणि लोंबणाऱ्या लायकेनला जुनी झाडे लागतात. लायकेनने समृद्ध असलेले वन साधारण साठ वर्षांत ७१ टक्क्यांनी घटले, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. उत्तर अमेरिकेतून आणलेल्या वेगाने वाढणाऱ्या पाइनच्या लागवडीने परिस्थिती आणखी बिघडवली. त्यामुळे कोणता भाग वगळायचा, या चर्चेत सामी गावांचा शब्द केवळ औपचारिकता म्हणून घेता येत नाही. एफएससी मानकही त्यांच्याशी विचारविनिमय बंधनकारक करते.

हवामानबदलाच्या दृष्टीने तोडणे चांगले की राखणे?

उद्योगाचे म्हणणे असे, की तरुण जंगल वेगाने कार्बन शोषते आणि लाकूड सिमेंट-पोलादाची जागा घेते. संरक्षणाच्या बाजूचे म्हणणे असे, की जुन्या वनाच्या मातीत आणि खोडांत आधीच साठलेला कार्बन तोडीने मोकळा होतो आणि लाकडाचा मोठा भाग कागद किंवा इंधन होऊन लवकरच हवेत जातो. उत्तर तुम्ही किती वर्षांचा हिशेब मांडता, यावर बदलते. जैवविविधतेचा प्रश्न मात्र या हिशेबाने सुटत नाही.

महाराष्ट्रातील अभयारण्यांपेक्षा ही पद्धत वेगळी कशी?

मुख्य फरक मालकीचा आहे. आपल्याकडे बहुतांश वन सरकारचे असते आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अभयारण्य घोषित होताना संघर्ष प्रामुख्याने त्या जंगलावर जगणाऱ्या गावांच्या हक्कांचा असतो. स्वीडनमध्ये संघर्ष मालक आणि सरकार यांच्यातला असतो. तेथे संरक्षणाचा केंद्रबिंदूही वाघासारखा मोठा प्राणी नसून कुजके लाकूड आणि जुनी झाडे हा असतो.

तरीही उत्पादनासाठी चालवलेल्या वनातून संरक्षित क्षेत्र काढण्याचे उदाहरण आपल्याकडे आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील कन्हाळगाव अभयारण्य २०२१ मध्ये घोषित झाले, तेव्हा त्यातील बहुतेक क्षेत्र सागवान उत्पादनासाठी वनविकास महामंडळाच्या ताब्यात असलेले होते. लाकडाच्या उत्पन्नावर चालणाऱ्या यंत्रणेकडून संरक्षणासाठी जमीन मिळवताना पडणारे प्रश्न दोन्हीकडे सारखेच आहेत.

सध्या कोणते वाद सुरू आहेत?

डोंगरालगतच्या जुन्या वनात तोडीसाठी परवानगी लागते. निसर्गमूल्यांमुळे परवानगी नाकारल्यास मालकाला भरपाई मिळते, असे २०२० मध्ये अपील न्यायालयाने स्पष्ट केले. त्यानंतर अनेक मालकांनी भरपाईच्याच उद्देशाने तोडीचे अर्ज केले आणि निधीची चणचण भासू लागली. त्याच वर्षी एका सरकारी चौकशी समितीने या पट्ट्यातील सुमारे पाच लाख हेक्टर उत्पादक वन संरक्षित करण्याची शिफारस केली. पुढे राजकीय सहमती मालकाच्या संमतीने होणाऱ्या संरक्षणाकडे झुकली. मालक तोडीची आगाऊ सूचना देतो त्या वेळी तेथील कळीचे अधिवास नोंदवण्याची पद्धतही वन संस्थेने थांबवली. नोंद झाली की लाकडाला ग्राहक मिळत नाही, म्हणजे विनाभरपाई संरक्षणच लादले जाते, हा मालकांचा आक्षेप होता. नोंद थांबल्याने तो अधिवास नाहीसा होत नाही, हे टीकाकारांचे उत्तर आम्हाला पटते. परंतु भरपाईविना भार एकाच मालकावर टाकणे चूक होते, हेही मान्य करावे लागेल.

अशा क्षेत्रात सामान्य माणसाला फिरता येते का?

येते. स्वीडनमध्ये खासगी वनातही सर्वांना पायी फिरण्याचा हक्क आहे आणि निसर्ग राखीव क्षेत्रे त्याला अपवाद नाहीत, मात्र प्रत्येक क्षेत्राचे नियम प्रवेशाजवळच्या फलकावर वाचून घ्यावेत. रानबेरी आणि खाण्याच्या अळंब्या गोळा करण्यास बहुधा मुभा असते, पण पडलेले लाकूड शेकोटीसाठी उचलण्यास सहसा मनाई असते आणि त्याचे कारण वर आलेच आहे. कुत्रा सोबत असल्यास १ मार्च ते २० ऑगस्ट या काळात तो रानात मोकळा सुटणार नाही, याची काळजी घेणे कायद्याने आवश्यक आहे.

एखाद्या विशिष्ट जंगलाची स्थिती कशी तपासावी?

वन संस्थेच्या ‘स्कोगेन्स पेर्लोर’ या नकाशासेवेवर नोंदलेले कळीचे अधिवास, अधिवास संरक्षण क्षेत्रे, करार आणि तोडीच्या सूचना पाहता येतात. अर्ध्या हेक्टरपेक्षा मोठ्या अंतिम तोडीची सूचना किमान सहा आठवडे आधी द्यावी लागते आणि ती सार्वजनिक असते. नागरिक आणि संघटना याच सहा आठवड्यांत रानात जाऊन दुर्मीळ जातींच्या नोंदी करतात आणि त्या वन संस्थेला कळवतात. आक्षेप घ्यायचा असल्यास तो याच मुदतीत, जागेचे अक्षांश-रेखांश आणि छायाचित्रांसह पाठवावा. तोड झाल्यानंतर आलेल्या तक्रारीवर फारसे काही करता येत नाही.